खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड कुणाचं?

"बाबा गेले. त्यांचं एटीएम कार्ड माझ्याजवळ आहे, पिनही ठाऊक आहे. दिवसकार्याला पैसे लागणार. काढले तर चालतील ना?"

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत हा प्रश्न बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, आणि दबक्या आवाजात येतो. दुसरा प्रश्न महिनाभराने येतो, पासबुक भरून आणल्यावर. तो मात्र मोठ्या आवाजात असतो. "बाबा गेल्यानंतर खात्यातून पन्नास हजार काढलेत. आम्ही कुणी हात लावलेला नाही. बँक भरून देणार की नाही?"

पहिला प्रश्न विचारणारा मुलगा असतो, दुसरा विचारणारी बरेचदा त्याचीच बहीण. दोघांच्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी दडलेलं आहे. माणूस गेल्यावर त्याच्या पिनमागचा अधिकार केव्हा संपतो आणि कुणापुरता संपतो, हे एकदा कळलं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

१. कार्ड दुसऱ्याच्या हाती जातंच कसं?

रायगडच्या किनाऱ्यावर आईवडिलांचं कार्ड मुलाकडे, सुनेकडे, पुतण्याकडे असणं ही जुनीच सोय आहे. म्हातारी माणसं गावात, मुलं मुंबईत नाही तर पनवेलला. म्हसळा-श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं आखातात. जवळचं एटीएम वस्तीपासून लांब, तिथे पोचलं तर कधी मशीन बंद, कधी नोटा संपलेल्या. गुडघे धरलेल्या आजोबांनी एसटीने फेऱ्या मारण्यापेक्षा दुचाकीवाल्या नातवाला कार्ड देणं सोपं. पिन कागदावर लिहून कव्हरात ठेवलेला असतो. तो एकट्या नातवालाच माहीत असतो असंही नाही. शेजारच्या ज्या मुलाने एकदा मदत केली, त्यालाही असतो.

आजोबा हयात आहेत तोवर यात कुणाला काही खुपत नाही. बँकेच्या अटींप्रमाणे मात्र हे तेव्हाही चालत नाही. कार्ड ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते वापरायचं, पिन कुणालाही, अगदी नवऱ्याबायकोलाही, सांगायचा नाही, अशी अट प्रत्येक बँकेच्या अर्जात बारीक अक्षरांत छापलेली असते. ती किती कडक लावली जाते याचं उदाहरण बेंगळुरूचं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईने नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन २५,००० रुपये काढायला पाठवलं. मशीनमधून पावती आली, पैसे आले नाहीत. ग्राहक न्यायालयात प्रकरण साडेतीन वर्षं चाललं आणि २०१८ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला. कारण एवढंच की पिन दुसऱ्याला दिला होता. नवरा-बायको दोघंही हयात असताना ही गत. निकाल मला निष्ठुर वाटतो, पण बँकेचा वकील पहिलं बोट कुठे ठेवणार हे त्यातून नीट समजतं.

२. बँकेत ठेवलेले पैसे कुणाचे?

आता एक पायरी मागे जाऊ. आपण म्हणतो, "माझे पैसे बँकेत आहेत." कायदा तसं म्हणत नाही. बँकेत पैसे भरले की ते बँकेचे होतात आणि बँक आपली कर्जदार होते. पासबुकातली शिल्लक म्हणजे बँक आपलं किती देणं लागते त्याचा आकडा. आपण सांगू त्याला, सांगू तेव्हा ते देणं फेडायचं, हा करार.

त्यामुळे बँकेने चुकीच्या माणसाला पैसे दिले तर बुडाले ते बँकेचे, आपलं येणं तसंच उभं राहतं. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हेच सांगितलं. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते, रक्कम सव्वातीन लाखांवर होती. कंपनीने आपली हिशेबाची पुस्तकं वेळच्या वेळी तपासली नाहीत, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. खोटी सही म्हणजे ग्राहकाचा आदेशच नाही, आणि आदेश नसताना दिलेल्या पैशांचा भार ग्राहकावर टाकता येत नाही.

खातेदार गेल्यावरही हे देणं संपत नाही. करार कायदा १८७२ च्या ३७ व्या कलमाप्रमाणे करारातली वचनं माणसाच्या मृत्यूनंतरही सहसा टिकतात. बँक आधी आजोबांची देणेकरी होती, आता त्यांच्या वारसांची. तेव्हा "खातेदारच नाही, तक्रार कुणाची घेऊ?" असं कुणी काउंटरवरून म्हणालं तर ते उत्तर खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मृत ग्राहकाच्या वारसाला तक्रारदार म्हणून स्पष्ट जागा दिली आहे.

३. पण पिन खोटा नसतो

चेकवरची खोटी सही आणि एटीएममध्ये दाबलेला बरोबर पिन यांत एक मोठा फरक आहे, आणि मृत्यूनंतरच्या पैशांचा सगळा वाद त्या फरकावर उभा आहे. सही माणसाच्या हाताची असते. दुसऱ्याने केली की ती खोटी. पिन हा चार आकड्यांचा. आजोबांनी दाबला काय आणि नातवाने दाबला काय, आकडे तेच. मशीन कार्डाचा क्रमांक आणि पिन बँकेच्या यंत्रणेकडे पाठवतं, तिथे दोन्ही जुळले आणि शिल्लक असली की नोटा बाहेर येतात. खातेदार हयात आहे का, हे त्या संवादात कुठे विचारलंच जात नाही.

याच मुद्द्यावर बँका वर्षानुवर्षं सुटत आल्या. कार्ड आणि पिन यांच्याशिवाय एटीएममधून पैसे निघू शकत नाहीत, अशी भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०११ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात घेतली, आणि पुढे अनेक तक्रारी त्या एका वाक्यावर निकालात निघाल्या.

ते वाक्य पूर्ण खरं नव्हतं, हे पुण्याने दाखवलं. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. चोरांनी बँकेची कार्ड-व्यवहार तपासणारी यंत्रणा बाजूला सारून आपलीच खोटी यंत्रणा मध्ये बसवली. तिने सगळ्या मागण्यांना होकार दिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे काढले गेले. दोन दिवसांत एकूण ९४ कोटी रुपये गेले. खातेदारांच्या खात्यातून मात्र रुपयाही वळता झाला नाही, फटका बँकेने सोसला. अशा घटना विरळा. पण "पैसे निघाले म्हणजे पिन तुम्हीच दिला असणार" हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं.

हल्ली तर पिनशिवायही पैसे जातात. कार्ड नुसतं मशीनला टेकवून ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी करता येते. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे. मृताच्या कार्डावर पेट्रोल पंपावर असा व्यवहार झाला असेल तर "पिन दिला होता" हा बँकेचा नेहमीचा बचाव तिथे लागूच होत नाही. याच्या उलट बँक मित्राकडे अंगठा लावून आधारवर काढलेले पैसे. पिन माणसाच्या मागे उरतो, अंगठा उरत नाही. मृत्यूनंतरच्या तारखेचा असा व्यवहार पासबुकात दिसला, तर खुलासा बँकेने आणि त्या बँक मित्राने द्यायचा आहे, वारसांनी नाही.

४. मृत्यू एक, तारखा दोन

आता गाभ्याकडे येऊ.

मुंबईचा चाकरमानी गावच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जातो. शेजारी घर उघडतो, झाडतो, नारळ उतरवून ठेवतो. सगळं मालकाच्या शब्दावर. मालक गेला की तो शब्द संपला. किल्ली कुलपाला लागते म्हणून शेजाऱ्याला आत जायचा हक्क राहत नाही. आता त्याने वारसांना विचारायचं.

करार कायद्याचं २०१ वं कलम हेच सांगतं: ज्याच्या वतीने आपण काम करतो तो वारला की आपला अधिकार संपतो. आजोबांनी "जा, काढून आण" म्हणून दिलेला अधिकार आजोबांबरोबर संपला. कार्ड तेच, पिन तोच, पण नातू आता कुणाच्याच वतीने काढत नाही.

बँकेचं काय? तीही आजोबांच्या आदेशाने पैसे देत होती. पण आजोबा गेले हे तिला कळणार कसं? त्याच कायद्याचं २०८ वं कलम सांगतं, की अधिकार संपल्याचा परिणाम ज्याला ते कळेल त्याच्यापुरता कळल्यापासून सुरू होतो. न कळता केलेलं काम त्याच्या अंगावर येत नाही.

म्हणजे मृत्यू एकच, पण तारखा दोन झाल्या. शेवटचा श्वास उशाशी बसून पाहणाऱ्या नातवाचा अधिकार त्या क्षणी संपला. बँकेचा संपला तिला कळवलं त्या दिवशी. या दोन तारखांच्या मधला काळ, चार दिवसांचा असो की चार महिन्यांचा, हीच सगळी भांडणाची जागा. कळवल्यानंतर एकही व्यवहार झाला तर बँकेला सांगायला काही उरत नाही. तिने कार्ड बंद करायला हवं होतं, केलं नाही.

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली की बँकेला आपोआप कळतं, असा समज सर्रास आढळतो. तसं होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत नोंद करायची असते, पण ग्रामसेवकाच्या नोंदवहीतून बँकेला थेट वर्दी जात नाही. आधार प्राधिकरणाने २०२५ मध्ये मृतांचे दोन कोटींहून जास्त आधार क्रमांक बंद केले, कुटुंबीयांना पोर्टलवरून मृत्यू कळवायची सोयही केली. त्याने अंगठ्याचे व्यवहार थांबतील, कार्डाचे नाही.

आणखी एक खास आपल्याकडचा पेच. पिग्मी गोळा करणारा एजंट अंत्ययात्रेला आला होता, शाखेतला शिपाई शेजारच्याच आळीतला, मॅनेजर येऊन भेटून गेले. मग बँकेला कळलं की नाही? माणसांना कळलं, बँकेला कळल्याचं सिद्ध करणं मात्र तुमच्यावर. लहान गावात ही गोष्ट पटायला जड जाते, पण आयोगासमोर खांद्यावर ठेवलेल्या हाताची पोच दाखवता येत नाही. पत्राची येते.

५. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम

६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा भार कुणी सोसायचा याचे नियम ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी तेच नियम त्याच वर्षी डिसेंबरात आले. नियम लिहिताना समोर हयात ग्राहक होता, मृत्यूचा विचार त्यात कुठे दिसत नाही. तरी आज वारसांच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार तेच आहे.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा भार शून्य, तक्रार केलेली असो वा नसो. चूक ग्राहकाची असेल, म्हणजे पिन कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. चूक दोघांचीही नसेल, तिसऱ्याच कुणीतरी कार्डाची नक्कल केली असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर भाराला ठरावीक मर्यादा. साध्या बचत खात्याला ही मर्यादा दर व्यवहारामागे १०,००० रुपये, जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. दिवस मोजताना संदेश आला तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे धरायचे. गुरुवारी रात्री एसएमएस आला आणि शनिवार महिन्यातला दुसरा असेल, तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा.

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य नियमाच्या शेवटाकडे आहे: ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. २०११ च्या "पिन लागला म्हणजे तुमचाच" या भूमिकेच्या अगदी उलट ही दिशा आहे. न्यायालयंही त्याच दिशेने चालली आहेत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच नियमाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका औषध कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये परत करायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेला एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये भरून द्यायचा आदेश कायम ठेवला. त्या ग्राहकाने फसवणूक झाल्यावर चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं.

मेलेल्या माणसाच्या बाबतीत "संदेश मिळाला" म्हणजे कुणाला मिळाला? एसएमएस येतो मृताच्या फोनवर. फोन कपाटात बंद पडलेला, किंवा ज्याने पैसे काढले त्याच्याच खिशात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे कितीतरी गावांत वीज आणि मोबाइलची रेंज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी तीन दिवसांचं घड्याळ कधी सुरू झालं म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे. वारसाने खात्याचा उतारा पाहिला तो दिवस धरला पाहिजे, आणि रिझर्व्ह बँकेने हे नियमातच लिहून टाकलं पाहिजे. तसं लिहिलं जात नाही तोवर तक्रारीत "अमुक तारखेला पासबुक भरल्यावर प्रथम कळलं" हे वाक्य घालायला विसरू नका.

६. हिशेब करून पाहू

समजा, रेवदंड्याचे एक निवृत्त शिक्षक ४ तारखेला गेले. खात्यात १,८४,००० रुपये. ५, ६ आणि ७ तारखेला एटीएममधून पिन वापरून रोज १०,००० निघाले. ८ तारखेला पेणच्या पंपावर कार्ड टेकवून ४,५०० चं पेट्रोल भरलं गेलं. १० तारखेला गुरुजींच्या पत्नीने शाखेत पत्र दिलं, पोच घेतली. तरी १२ आणि १३ ला पुन्हा दहा-दहा हजार गेले. एकूण ५४,५००.

शेवटचे २०,००० बँकेचे, यात वाद नाही. ४,५०० चा व्यवहार पिनशिवायचा आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलेला. तोही बँकेवर टाकता येतो. फार तर बँक म्हणेल, कार्ड हरवल्याचं आधी का नाही सांगितलं; ते तिने सिद्ध करावं. राहिले ३०,०००. पिन घरात कुणाला माहीत होता का, हा प्रश्न इथे येणारच. एटीएमच्या कॅमेऱ्यात पुतण्या दिसला, तर बँक सुटली आणि गोष्ट पुतण्याशी. अनोळखी माणूस दिसला आणि गुरुजींनी पिन दिल्याचा पुरावा नसला, तर बँक अडचणीत.

समजा एटीएममधला एक व्यवहार नक्कल केलेल्या कार्डावरचा, १८,००० चा, आणि कळवलं पाचव्या कामकाजाच्या दिवशी. मग वारसांचा भार १०,०००, बँकेचा ८,०००. व्यवहार ६,००० चाच असता तर सगळा वारसांवर. चिपची कार्डं आल्यापासून अशी नक्कल अवघड झाली आहे, त्यामुळे मृत्यूनंतर लगेच पैसे निघाले असतील तर संशय आधी घराच्या आसपास जातो. कार्ड हाती, पिन ठाऊक, आणि माणूस गेल्याची बातमीही. तिन्ही गोष्टी परक्याकडे क्वचितच असतात. २०२० च्या टाळेबंदीत कोलकात्यात घरकाम करणाऱ्या बाईने वारलेल्या मालकाच्या कार्डावर सुमारे ३५ लाख रुपये काढले, तेव्हा तिच्याकडे या तिन्ही होत्या.

तक्रारीनंतर कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ही रक्कम तक्रार करणाऱ्याच्या हातात पडत नाही, मृताच्याच खात्यात येते. तिथून ती सगळ्या वारसांची.

७. मग दिवसकार्याचे पैसे?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. गुरुजींच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखा वाटा: १,८४,००० चे प्रत्येकी ४६,०००. मुस्लिम घरात वाटे वेगळे पडतील, पण तिथेही एकट्या मुलाचे सगळे नाहीत. मुलाने परस्पर काढलेल्या प्रत्येक हजारात इतर तिघांचे साडेसातशे आहेत.

मृताजवळ असलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःकडे वळवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१५ व्या कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, नोकराने केलं तर सात वर्षांपर्यंत. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यातही गुन्हा. बापाच्या तेराव्यासाठी, सगळ्यांना सांगून पैसे काढणारा मुलगा अप्रामाणिक नाही, त्याला कुणी तुरुंगात टाकणार नाही. पण चार वर्षांनी भावंडांत जमिनीवरून बिनसलं की हेच दहा-दहा हजार तक्रारअर्जात पहिल्या परिच्छेदात येतात.

गंमत म्हणजे भारतीय वारसा कायदा अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजाराचा खर्च मृताच्या मालमत्तेतून सर्वांत आधी, इतर कर्जांच्याही आधी, भागवायला सांगतो. म्हणजे कायद्याला ही गरज ठाऊक आहे. बँकेच्या काउंटरवर मात्र त्यासाठी सोपी खिडकी नाही. मृत्यूचा दाखला दाखवून वीस-पंचवीस हजार त्याच दिवशी वारसाला देता आले, तर चोरून एटीएम गाठायची वेळ अर्ध्या घरांवर येणार नाही. तोपर्यंतचा मार्ग असा: खर्च स्वतःच्या खिशातून करावा, पावत्या ठेवाव्यात, वाटणीत वजा करून घ्यावा. पैसे आधीच काढले असतील तर किती काढले आणि कशावर गेले हे सगळ्या वारसांना लिहून कळवावं.

पत्नीचं नाव खात्यात "दोघांपैकी कुणीही किंवा हयात" अशा पद्धतीने असेल तर तिने स्वतःच्या कार्डाने पैसे काढण्यात काहीच गैर नाही. पतीचं कार्ड मात्र तिनेही वापरू नये. नामनिर्देशित व्यक्तीलाही आधी दावा करून पैसे घ्यावे लागतात, कार्ड वापरायचा हक्क तिला नसतो. आणि पैसे हाती आले तरी ती त्यांची मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळते. साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं.

८. निवृत्तिवेतनाची वेगळी गाठ

गुरुजींचं निवृत्तिवेतन त्यांच्या मृत्यूनंतरही जमा होत राहिलं, तर ते वारसांचंही नाही. ते सरकारला परत जातं, आणि ते कुणी कार्डाने काढून खर्च केलं असेल तर वसुली होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो तो याचसाठी. पण डिसेंबरात गेलेल्या माणसाचं वेतन पुढच्या नोव्हेंबरापर्यंत येत राहू शकतं. म्हणून बँकेला पत्र द्याल त्याच दिवशी कोषागारालाही द्या. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्जही त्यातूनच पुढे सरकतो.

९. पत्र, फुटेज, दाद

मृत्यूनंतर पहिलं काम पत्राचं. दाखला हाती यायची वाट पाहू नका. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, आणि "कार्ड, यूपीआय, इंटरनेट बँकिंग तत्काळ बंद करावे, दाखला मिळताच देतो" एवढं पुरे. मूळ शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. शाखा बंद असेल तर बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मृताचं सिम लगेच बंद करू नका, दावा मिटेपर्यंत चालू ठेवा. ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो आणि बँकेचे संदेश परक्याच्या फोनवर जाऊ लागतात. कार्ड कापून टाकण्याआधी त्यावर अपघात विमा आहे का, आणि खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात होते का, ते पाहा. तसे कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, दोन लाखांचा.

पैसे गेलेले दिसले तर लेखी तक्रारीत एटीएमच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी करा. ते कायम ठेवलं जात नाही, आणि ३०,००० कुणाचे हे ठरवणारा बहुधा तोच एक पुरावा असतो. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा क्रमांक आहे.

उरलेल्या पैशांच्या दाव्याचे नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्याने बांधले. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. नामनिर्देशन नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत न्यायालयाच्या वारसा दाखल्याशिवाय, साध्या कागदांवर दावा मंजूर करायचा. उशीर झाला तर व्याज.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८, पैसे लागत नाहीत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आधी या योजनेबाहेर होत्या, नोव्हेंबर २०२५ पासून त्याही आत आल्या. रायगडच्या गावोगावच्या खातेदारांसाठी हा बदल मोठा आहे. तिथेही जमलं नाही तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती लोकपालाच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही.